वहीतली एकेचाळिसावी ओळ

तात्या,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं पांगली, सतरंज्या गुंडाळल्या, आणि तुमची सून रंजना आतून तुमची ती लांबट वही घेऊन आली. "मामांनी दवाखान्यात जायच्या आदी सांगून ठिवलं हुतं," ती म्हणाली, "ही वही शैलाताईला द्यायची. एका ठिकानी त्यांचं काम ऱ्हायलंय म्हनाले." कुठल्या ठिकाणी ते मी विचारलं नाही. मला ते सात वर्षं माहीत आहे. एकेचाळिसावी ओळ.

कार्यक्रमात सगळे तुमच्यावर भरभरून बोलले. भर पावसात तुम्ही खांबावर कसे चढायचात, कुणाच्या लग्नात ऐन वेळी गेलेली वीज कशी आणलीत, असं बरंच काही. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी नाही म्हटलं. इंग्रजीच्या बाई आणि बोलायला लाजतात, असं मागून कुणीतरी म्हणालंही. लाजत नव्हते हो. मला बोलायचंय ते तुमच्याशी, आणि त्यात मधे माइक नको होता.

सुरुवात कशी झाली ते तुम्ही सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगायचात. आता मी सांगते. तुम्ही वीजमंडळातून नुकतेच रिटायर झाला होतात आणि मी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. भवानीनगरला आपलं घराला घर लागून. नवी नोकरी, नवी पर्स आणि अंगात मावेल त्याहून जास्त शहाणपण, अशी मी रविवारी सकाळी अंगणात केस वाळवत बसले होते. तुम्ही कुंपणापाशी आलात. "पोरी, लाइन म्हंजी नक्की काय गं?"

"ओळ. नाहीतर रेघ," फणी न थांबवता मी म्हटलं.

"मग बत्तीस वर्सं मी कोन हुतो? ओळवाला का रेघवाला?"

मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत. "हसू नगंस. लोकं मला लाइनमन म्हनली. पगाराच्या कागदावर लाइनमन. पोरीची सोयरीक जमली तवा लाइनमनची पोरगी. आन त्यातल्या अर्ध्या शब्दाचा अर्थ मला ठावं न्हाय. मॅन म्हंजी मानूस, तेवढं कळतंय."

"तारेवर काम करणारा, म्हणून."

"म्हंजी लाइन म्हंजी तार. आत्ता तर ओळ म्हनालीस. रॉकेलच्या दुकानात उभा ऱ्हातो ती काय मग? एस्टीडीवाला म्हनतो लाइन लागंना, ती कुठली?"

एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बाईला सातवी पास म्हाताऱ्यानं कुंपणावरून गप्प केलं, याचा मला इतका राग आला की मी केस ओलेच बांधले आणि आत गेले.

दुसऱ्या रविवारी तुम्ही ही वही दाखवलीत. कचेरीतलं जुनं, अर्धं कोरं रजिस्टर. पट्टीनं रकाने पाडलेले. लाइन शब्द कुणी कसा वापरला, आपल्यात त्याला काय म्हणतात, म्हणणारा कोण, गाव कुठलं, आणि शेवटी सही नाहीतर अंगठा. नियम दोनच. कानानं ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, आणि म्हणणाऱ्यानं स्वतः सही करायची. मी बारामतीत ऐकलेलं चालेल म्हणालात, पण चिठ्ठीवर त्या माणसाची सही आणून द्यायची. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे, जाईल.

काल रात्रभर नाही, पण आज सकाळपासून मी ही वही वाचतेय आणि माझा चहा दोनदा गार झालाय. पहिली सही सबस्टेशनच्या ऑपरेटरची, आपल्याकडचा शब्द तार. दुसरी रॉकेलच्या दुकानातल्या ठकूबाईची. ती तुमच्यावर खेकसली होती, "ओ म्हाताऱ्या, लाइनीत या!" आणि तुम्ही हरखून वही पुढं केलीत. ती घाबरली. तुम्ही पुरवठा खात्याचे साहेब आहात असं समजून तिनं अंगठा उठवला आणि तुम्हाला आपल्यापुढं घेतलं. रांग. मग इंदापूरचा एस्टीडीवाला. त्याच्या ओळीपुढं आपला शब्द तुम्हाला कितीतरी दिवस सापडला नव्हता. शेवटी लिहिलंत, "बोलणं पोचणं." वालचंदनगरच्या क्वार्टरमधली बाई म्हणाली, आमी दुसऱ्या लाइनीत ऱ्हातो. चाळ. कंडक्टर म्हणाला, ही गाडी त्या लाइनीची न्हाय. वाट. ऊस लावणाऱ्यानं दोरी ताणून लाइन धरली. सरी. गावच्या नाटकात नारदाचं काम करणारा लाइन विसरला. वाक्य. हात बघणारी म्हणाली, तुमची लाइन लांब हाय. रेषा. आणि तो कंपाउंडर, जो एका नर्सवर लाइन मारत होता! मुलीचं नाव लिहायचं नाही या अटीवर त्यानं सही दिली, आणि आपल्याकडच्या शब्दाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, "डोळा ठेवणे (लग्नाआधी)."

तात्या, मी तेव्हा हे सगळं गंमत म्हणून बघत होते. खरं सांगते. इंग्रजीचा तो चार अक्षरांचा शब्द मी पाचवीच्या पुस्तकापासून पाहत आले होते. त्याच्याकडे दोनदा बघावं असं त्यात काही आहे, हे मला कधी वाटलंच नाही. तुम्ही सायकलवरून गावोगाव फिरलात आणि तो एवढासा शब्द किती घरांत शिरून बसलाय ते दाखवलंत. शेतात, दवाखान्यात, पोरींच्या मागं, देवळापुढच्या नाटकात. आणि आपल्याकडे तर प्रत्येक जागेला वेगळा शब्द तयार. एकदा तुम्ही वाचून दाखवलंत: पाहुणे म्हणाले, पोराला लाइनीवर आनतो. आपला शब्द, वळण. मग वहीवर बोट ठेवून म्हणालात, "बघ की शैला. त्यांच्याकडं सरळ केला की पोरगा सुधारतो. आपल्याकडं वळवला की सुधारतो." आणि बराच वेळ तुम्ही त्या ओळीकडे बघत बसलात. तुमचं तोंड किंचित उघडं होतं. एवढं नवल मी वर्गात एकाही पोराच्या तोंडावर पाहिलेलं नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही.

मग आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेवा. माझं म्हणणं, एका शब्दाचे हे चाळीस वेगळे अर्थ आहेत. तुमचं म्हणणं, अर्थ एकच आहे आणि तो कुणाला दिसत नाही.

"समदीकडं एकच हाय," तुम्ही म्हणायचात. "हितनं तितं काय तरी पोचतंय."

"रांगेत काय पोचतं?"

"रॉकेल."

"आणि क्वार्टरच्या लाइनीत?"

"भांडनं."

"हातावरच्या रेषेत?"

"ते त्या बाईलाच इचार. पाच रुपयं घेतले तिनं."

मी एकदा मात्र तुम्हाला अडवलं. "व्हॉलीबॉलच्या मैदानावर चुन्याची लाइन मारतात. तिच्यातून काय पोचतं? ती तर थांबवते." तुम्ही पंधरा दिवस त्या विषयावर बोलला नाहीत. मी जिंकले असं समजून मी घरभर मिरवले.

आता एकेचाळिसावी.

पुण्याहून मी जाडजूड डिक्शनरी आणली होती. लाइन शब्दाला त्यात दोन पानं. मला वाटलं, तुम्ही हरखाल. मी ती तुमच्या ओट्यावर ठेवली आणि बोटानं एकेक अर्थ दाखवत गेले. तुम्ही चष्मा लावून नीट ऐकलंत आणि पुस्तक हळूच मिटवलंत. "ह्यातलं कुनी बघितलं?"

"अहो तात्या, विद्वानांनी लिहिलंय. वर्षानुवर्षं बसून."

"आसंल की. पर मी त्यांना वळखत न्हाय."

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, दुधासारखा उतू जातो आणि मग पुसत बसावं लागतं. पुढच्या रविवारी मी आले ती मनात डाव धरूनच. डिक्शनरीतलाच एक अर्थ उचलला आणि तो जिवंत माणसाच्या तोंडी घातला. बघू, या म्हाताऱ्याला फरक कळतो का. मी म्हटलं, "बारामतीला एक रिटायर्ड वकील भेटले. लोणी भापकरचे. ते म्हणाले, एका घराण्याची पिढ्यान्पिढ्या चालत आलेली मालिका, तिलाही लाइन म्हणतात. वंश. कूळ."

तुम्ही लिहायला घेतलेलं पेन थांबलं. "कूळ?"

"हो."

"हे लई मोठं सांगितलंस," तुम्ही सावकाश म्हणालात. "माझ्या बाला कुनी कूळ इचारलं की तो खाली बघायचा. छप्पन सालानंतर त्यानं मान वर केली, पर सवय काय लगीच जाती व्हय? आन त्याच्या पोराच्या नोकरीच्या नावातच ते हुतं म्हंतीस." मग तुम्ही हात पुढं केलात. "चिठ्ठी?"

"राहिली. त्यांचा हात थरथरतो. मी करते त्यांच्या वतीनं."

"न्हाय न्हाय. जागा सोडतो. मीच जाऊन सही आनतो. त्या निमतानं दोन शब्द बोलीन त्यांच्याशी."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, तात्या, जाऊ नका. एवढे तीनच शब्द. तुमचे डोळे चमकत होते, आणि मी पुढची चिठ्ठी तुमच्या हातात दिली. मला वाटलं, विसराल.

मंगळवारी आईनं सांगितलं, तात्या सकाळच्या गाडीनं लोणी भापकरला गेलेत, धुतलेला सदरा घालून. दोन गाड्या बदलून, दुखऱ्या गुडघ्यानं, मे महिन्यात. नंतर कधीतरी तिथल्या एका सहकारी शिक्षिकेनं मला सहज सांगितलं की एक म्हातारबुवा आमच्या गावात दारोदार वकिलांना शोधत होते, पार वस्त्यांपर्यंत. पाणी विचारलं तर म्हणाले, आदी सही मिळू द्या. मी तिला म्हटलं नाही की मी त्यांना ओळखते.

बुधवारी सकाळी मी तुमच्याकडे आले. बोलायचं ठरवूनच आले होते. तुम्ही पाय गरम पाण्यात सोडून बसला होतात. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "वकील भेटले न्हाईत." मग रंजनाला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलंत, आणि दगडूची गोष्ट सांगायला लागलात.

दगडू तुमचा जोडीदार. तरुणपणी एकाच सायकलवर तुम्ही दोघं लाइनीवर जायचात. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनमधून परमिट घ्यायचं, की ही लाइन बंद आहे. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. दुसरा कुणी नाही, त्याचा साहेब नाही, सख्खा भाऊ नाही. तो सही करत नाही तोवर लाइन बंदच. त्या दिवशी दगडूला रस्त्यातल्या कुणीतरी सांगितलं, लाइन बंद हाय, जा चढ. तो चढला.

"सांगनारा खोटारडा नव्हता," तुम्ही म्हणालात. "त्याला खरंच तसं वाटलं हुतं. ऐकीव हुतं, एवढंच. तवापासनं मी सही बघितल्याबिगर कशालाच हात लावत न्हाय."

मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला. घरी गेले. माझ्याइतकी भित्री बाई अख्ख्या बारामती तालुक्यात नसेल.

त्यानंतर तुम्ही विषय काढला नाहीत. वही बंद पडली नाही, आपली मैत्रीही नाही. दर रविवारी तुम्ही वही उघडून माझ्यापुढं ठेवायचात, मी नव्या चिठ्ठ्या द्यायचे, आणि त्या पानावरून पुढं जाताना आपण दोघंही जरा घाईनं पान उलटायचो. माझ्या लग्नाच्या मांडवात आचारी ओरडला, "दुसरी लाइन बसवा!" आणि तुम्ही हात धुवायच्या आधी त्याची सही घेतलीत. पंगत. माझ्या वडिलांनी तुम्हाला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं होतं. आमची एक आत्या तुमच्या शेजारच्या पाटावरून उठली आणि पदर सावरत दुसऱ्या टोकाला गेली. तुम्ही पाहिलंत. मीही पाहिलं, मुंडावळ्यांतून. जाताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चुन्याच्या लाइनीचं तुझं बरुबर हुतं पोरी. अडवनारीबी आसती." मग हसून म्हणालात, "पर जेवन झ्याक हुतं." ते भांडण मला असं जिंकायचं नव्हतं, तात्या. आत्याचं वागणं वाईट होतं, हे मी तुम्हाला कधी मोठ्यानं म्हटलं नाही. आज म्हणते.

आणि शेवटचा दिवस. बारामतीचा दवाखाना, दुपारची वेळ. मी शाळा सुटल्यावर आले होते. नर्स तुमचा हात उलटसुलट करून बघत होती आणि दुसरीला म्हणाली, "यांची लाइनच मिळत नाहीये." तुम्ही डोळे उघडलेत. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं हवेत अशी हलवलीत, लिहितात तशी. मला हसू आलं आणि रडू आलं. मी पर्समधून बसचं तिकीट काढून त्याच्यामागं लिहिलं, नर्सकडून सही घेतली, तिला वाटलं काहीतरी सरकारी असणार. आपला शब्द काय लिहू म्हणून विचारलं, तर तुम्ही स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलंत. शीर. तेवढ्यात तिला ती सापडली. तुम्ही मान हलवलीत, सुई गेली म्हणून नव्हे, नोंद झाली म्हणून. मरायला टेकलेला माणूस एका शब्दावर असा खूश होऊ शकतो, हे मी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. त्रेसष्टावी नोंद. ते तिकीट मी आज वहीत चिकटवलं.

मग मागं मागं जात मी त्या पानावर आले.

मला वाटलं होतं, तुम्ही ती ओळ खोडली असेल. खोडलेली नाही. तुमच्या गोल अक्षरात सगळं जसंच्या तसं आहे. वंश, कूळ. म्हणणारा, वकील. गाव, लोणी भापकर. सहीचा रकाना कोरा. पण त्या कोऱ्या रकान्यात, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलंय. मी खिडकीशी जाऊन वाचलं.

"परमिट शैलाच्या नावावर."

खाली तारीख आहे. लोणी भापकरहून आलात त्याच दिवसाची.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. बुधवारी मला चहा पाजलात तो कळल्यावर. सात वर्षं रविवारमागून रविवार वही माझ्यापुढं उघडलीत ती कळूनच. तुम्ही रागावू शकला असतात, रंजनाला सांगू शकला असतात, एक रेघ मारून मोकळे झाला असतात. पण परमिट माझं होतं, म्हणून तुम्ही त्या ओळीला हात लावला नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाहीत. तुम्ही खांबाखाली उभे राहिलात. मी पोरांना रोज शब्दांचे अर्थ सांगते तात्या, आणि माझ्यासमोर एवढा मोठा माणूस बसला होता ते मला कळलं नाही. खिडकीशी उभी राहून मी ढसाढसा रडले. शेजारीण विचारायला आली, तिला कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. म्हणजे माझी सवय अजून गेलेली नाही, बघा.

पण ही ओळ खरी लिहिते. तुमचंच पेन आहे, रंजनानं वहीबरोबर दिलंय. परमिट परत करताना काय म्हणतात ते तुम्ही मला दहादा ऐकवलं होतंत, त्यामुळं विचारायला कुणाकडे जावं लागणार नाही. सहीच्या रकान्यात लिहिलं ते वाचून दाखवते.

हे कुणीही म्हटलेलं नाही. लोणी भापकरला असे वकील नव्हते. मी पुस्तकातलं उचलून खोटं सांगितलं, आणि तात्यांना उन्हात पाठवलं. आता माणसं खाली उतरली आहेत. हत्यारं उतरवली आहेत. अर्थिंग काढलं आहे. लाइन चालू करायला हरकत नाही.

परमिट घेणार, शैला. परत करणार, शैला.